ढगांपलीकडून भीमा

आपल्या दुष्काळी सोलापूरला उपग्रह आधी उपयोगी पडले ते सुकलेली शिवारे पाहायला. 1988 च्या आयआरएस-1ए चे कॅमेरे उन्हात काम करत. पूर आला की मात्र ढग आड येत. ही अडचण रडारने सोडवली. 2012 चा रिसॅट-1 ढगांतून, रात्रीही पाहू शके. संथ पाण्यावरून रडारच्या लहरी दुसरीकडेच उसळतात, म्हणून पूर चित्रात काळा उमटतो.

पाणी कुठे शिरले हे तलाठ्याला आधीच ठाऊक असते, उपग्रह उशिरा येतो, हा आक्षेप खराच. उभ्या उसातले पाणीही रडारला नीट दिसत नाही. पण तलाठ्याला दिसतो तो आपला सजा. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमा पंढरपुरात शिरली, सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने माढा-मोहोळची गावे वेढली, तेव्हा बोटी आधी कुठे धाडायच्या हे ठरवायला सगळे तालुके एका नकाशावर, एका नजरेत हवेत. आणि तो नकाशा त्याच दिवशी बोट चालवणाऱ्याच्या हाती पडायला हवा.