रिफॉर्म्ड ख्रिस्तसभांतील प्रवचन : श्रद्धा आणि परंपरा

जानेवारी १५१९ मध्ये झुरिच येथे उलरिख झ्विंग्ली या धर्मगुरूने त्या त्या दिवसासाठी नेमलेली वाचने बाजूला ठेवली आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानावर पहिल्या अध्यायापासून क्रमाने प्रवचने देण्यास प्रारंभ केला. पुढे जिनिव्हात जॉन कॅल्विन यांनी हीच पद्धत रुजविली. १५३८ साली नगरातून हद्दपार झालेले कॅल्विन १५४१ साली परतले, तेव्हा त्यांनी विरोधकांवर टीका केली नाही. जेथे विवेचन थांबले होते, तेथूनच ते पुढे सुरू केले. प्रवचनपीठ हे स्वतःची बाजू मांडण्याचे स्थान नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

या परंपरेची श्रद्धा १५६६ च्या दुसऱ्या हेल्वेटिक विश्वासपत्रात आढळते. योग्य पाचारण झालेल्या सेवकाने केलेली वचनाची घोषणा ही देवाचेच वचन होय आणि सेवक पापी असला तरी वचन सत्यच राहते, असे ते शिकविते. म्हणूनच प्रवचनापूर्वी पवित्र आत्म्याच्या प्रकाशासाठी प्रार्थना केली जाते. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी ५२ रविवारांत विभागलेली आहे. वर्षभर तिच्या आधारे श्रद्धेची शिकवण दिली जाते.

येथे आपल्यातील भेदही ध्यानी घ्यावा. प्रभुभोजन निदान दर आठवड्यास व्हावे, अशी कॅल्विन यांची इच्छा होती; परंतु जिनिव्हात ते वर्षातून चार वेळाच होऊ लागले आणि प्रवचन हाच उपासनेचा गाभा ठरला. कॅथलिक श्रद्धेनुसार वचन आणि ख्रिस्तप्रसाद मिळून एकच उपासना होते.

तथापि प्रवचन आपल्यासाठीही गौण नाही. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने प्रवचन हे बिशपांचे प्रमुख कर्तव्य मानले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रवचनास उपासनेचाच भाग म्हटले आणि रविवारी ते गंभीर कारणाविना टाळू नये, असे बजावले. १९६९ च्या आपल्या त्रैवार्षिक वाचनमालेवर आधारलेली वाचनमाला आज अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्याही वापरतात.

आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांकडून एक गोष्ट अवश्य शिकावी. धर्मगुरूने तयारीविना बोलू नये आणि भाविकाने प्रवचनाच्या वेळी मंदिराबाहेर उभे राहू नये. वक्ता कोण आहे, यापेक्षा कोणाचे वचन ऐकत आहोत, हे महत्त्वाचे.