लोहाराच्या नावातला मुका ‘बी’

आँरी लफेव्र या फ्रेंच तत्त्वचिंतकाचं नाव मराठी-हिंदी लेखनात मी ‘लेफेब्व्रे’, ‘लेफेब्रे’, ‘लेफेवर’ अशा निरनिराळ्या रूपांत वाचलं आहे. दोष लिहिणाऱ्यांचा म्हणता येत नाही. रोमन लिपीत या आडनावाची आठ अक्षरं आहेत. त्यांतला ‘बी’ कुणीच उच्चारत नाही, शेवटचा ‘ई’ मुका आहे, पहिला ‘ई’ ओठांवर आल्या-आल्या विरतो. उरतं ते ‘लफेव्र’. याच उच्चाराचं आणखी एक आडनाव आहे, ‘बी’ नसलेलं. फ्रेंच माणूस दोघांना एकच हाक मारतो आणि कागदावर मात्र त्यांची घरं वेगळी ठेवतो. देवनागरीत हा भेद दाखवायची सोय नाही. अनुवादकाला उच्चार राखायचा तर ‘बी’ सोडावा लागतो. त्या ‘बी’ला स्वतःचा इतिहास आहे, म्हणून तो सोडताना हात जरा अडखळतो.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘फाबेर’. अर्थ कारागीर, लाकूड, दगड, धातू अशा टणक वस्तूला आकार देणारा. लॅटिन बायबलात येशूला आणि योसेफाला हाच शब्द लावला आहे. मराठी बायबलात तिथे सुतार आहे, पण काही लॅटिन भाष्यकारांनी त्यात लोहार पाहिला. जुन्या फ्रेंचपर्यंत येता-येता ‘फाबेर’चा ‘फेव्र’ झाला आणि अर्थ लोहारापाशी स्थिरावला. पुढे बोलीतून तो शब्द गेला. आज लोहाराला ‘फोर्जरों’ म्हणतात. ‘फेव्र’ उरला तो सोनाराच्या ‘ऑर्फेव्र’ या नावात आणि आडनावांत. उलट ‘फोर्जरों’ आडनाव म्हणून क्वचितच भेटतं, कारण हा शब्द वर आला तोवर गावोगावच्या लोहारांची नावं ठरून गेली होती.

बाराव्या-तेराव्या शतकात गावात एकाच नावाचे चार-पाच झां आणि तितकेच पिएर असत. त्यांना वेगळं काढायला कुणाचं गाव, कुणाच्या केसांचा रंग, कुणाचा धंदा कामी आला. इथे एक गंमत आहे. ज्या देशात बहुतेक सगळे शेती करत होते, तिथे ‘शेतकरी’ या अर्थाचं आडनाव फारसं फोफावलं नाही. सगळेच शेतकरी, तर त्या शब्दाने ओळख कुणाची पटणार? लोहार मात्र गावात एखादाच, आणि नांगराचा फाळ, घोड्याची नाल, दाराची कडी यांसाठी प्रत्येकाला त्याच्या दारी जावं लागे. हे आडनाव इतकं पसरलं ते लोहार पुष्कळ होते म्हणून नव्हे. ते प्रत्येक गावी होते आणि प्रत्येक गावी एकटे होते, म्हणून. ‘बी’वालं लफेव्र आज फ्रान्समधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत आहे, आणि ते तर या घराण्याचं एकच रूप.

बाकीची रूपं नकाशावर मांडली की जुन्या बोलींच्या सीमा दिसू लागतात. उत्तरेला, नोर आणि पिकार्दीत, ‘बी’वालं लफेव्र; नॉर्मंडीकडे ‘बी’ नसलेलं. दोन्हींना पुढे ‘ल’ हे उपपद, म्हणजे ‘तो लोहार’. दक्षिणेला उपपद गळतं. लांगदॉक आणि प्रोव्हान्समध्ये फाब्र, मध्यातल्या डोंगराळ मुलखात फोर, साव्हॉयमध्ये फाव्र, फ्रांश-काँतेत फेव्र. कीटकांवर लिहिणारा झां-आँरी फाब्र आणि १८९५ ते १८९९ या काळातला राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर, दोघं नावाने लोहारच. गास्कोनीत आरंभीच्या ‘फ’चा ‘ह’ होतो, म्हणून तिथे ओर. लिहिताना तो ‘एच’ राहतो, बोलताना तोही जातो. ब्रिटनीत लॅटिनचा संबंधच सुटतो. ब्रेतॉन भाषेतल्या लोहारावरून ल गॉफ हे आडनाव आलं, मध्ययुगाचा इतिहासकार झाक ल गॉफ याचं. अल्सासमध्ये श्मिट आहेच.

आता त्या ‘बी’कडे. पंधराव्या-सोळाव्या शतकात न्यायालयांतल्या आणि नोटरींच्या कारकुनांना लॅटिनचा अभिमान फार. फ्रेंच शब्द लिहिताना त्याचं लॅटिन कूळ दिसावं म्हणून ते मूक अक्षरं घालत. बोट या अर्थाच्या ‘द्वा’ शब्दात आजही न उच्चारलेला ‘जी’ बसलेला आहे, तो लॅटिन ‘दिगितुस’चा. तसाच ‘फाबेर’चा ‘बी’ लफेव्रमध्ये आला. वास्तविक तो तिथे आधीच होता. लोकांच्या जिभेवर झिजून त्याचाच ‘व्ह’ झाला होता. कारकुनांनी न झिजलेलं अक्षर झिजलेल्याच्या शेजारी आणून बसवलं. आजोबा आणि नातू एकाच खुर्चीवर!

पण या ‘बी’ला एक व्यावहारिक कामही होतं. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन वेगळी अक्षरं मानत नसत. शब्दाच्या मध्ये दोन्हींसाठी ‘यू’सारखीच खूण लिहीत. फ्रेंच अकादमीच्या कोशात ही अक्षरं वेगळी झाली ती १७६२च्या आवृत्तीत. अशा लेखनात आधी ‘बी’ असला की वाचणाऱ्याला पुढचं अक्षर व्यंजन आहे अशी सूचना मिळे. म्हणजे चुकीचा उच्चार टाळायला नेमलेला हा पहारेकरी. पुढे झालं नेमकं उलटं. काहींनी ‘यू’ स्वर म्हणून वाचला, ‘बी’ही उच्चारला, आणि ‘लफेब्यूर’ असं नवंच आडनाव जन्माला आलं. एकोणिसाव्या शतकातला ऑर्गनवादक लफेब्यूर-वेली याचंच. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली निघालेल्या भाषाविज्ञानाच्या पाठांत हे उदाहरण येतं. लेखन उच्चारावर स्वार कसं होतं, हे दाखवायला त्यांनी ते घेतलं. सोस्यूर यांचा सूर तक्रारीचा आहे. ही त्यांना भाषेतली विकृती वाटते. मला तितकं वाटत नाही. ज्याला जन्मापासून लफेब्यूर म्हणूनच हाक मारली जाते, त्याचं नाव तेच.

नाव धंद्यापासून किती लवकर सुटलं याचा पुरावा गोव्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १५०६ साली साव्हॉयच्या डोंगरात जन्मलेला पिएर फाव्र शेतकऱ्याचा मुलगा होता. पॅरिसच्या सेंत-बार्ब विद्यालयात तो ज्या तरुणासोबत एका खोलीत राहिला, तो १५४२त गोव्यात उतरला : फ्रान्सिस झेवियर. झेवियर हे नाव बास्क भाषेतलं, अर्थ ‘नवं घर’. दोघांच्याही नावाचा अर्थ त्यांच्या आयुष्याशी जुळत नव्हता, आणि त्याने कुणाचं अडलंही नाही. आपल्याकडच्या लोहार, लुहार, कर्मकार, कम्मार या शब्दांचं तसं नाही. माणसाने भाता सोडला तरी नाव त्याची जात सांगत राहतं.

अनुवादकांना या घराण्याशी सलगी वाटायला आणखी कारणं आहेत. इंग्रजीत छापलेलं पहिलं पुस्तक अनुवाद होतं. बर्गंडीच्या दरबारातला पाद्री राऊल लफेव्र याची ट्रॉयची कथा विल्यम कॅक्स्टनने स्वतः भाषांतरित करून १४७३-७४च्या सुमारास छापली. आणि एताप्ल गावच्या झाक लफेव्रने नवा करार १५२३ साली फ्रेंचमध्ये आणला, १५२५त त्याला स्ट्रासबुर्गला पळून जावं लागलं, तरी १५३०मध्ये त्याचं संपूर्ण बायबल अँटवर्पला छापून निघालं. विद्वानांच्या लॅटिनमध्ये तो स्वतःला ‘फाबेर’ म्हणवीत असे. त्याने बायबल लोकभाषेत आणलं आणि आडनाव मात्र परत लॅटिनमध्ये नेलं.

१५३९च्या विलेर-कोतरेच्या राजाज्ञेने बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवणं सक्तीचं केलं, तरी लेखन पाद्र्याच्या मर्जीवर राहिलं. त्यामुळे सख्ख्या भावांपैकी एकाला ‘बी’ मिळे, दुसऱ्याला नाही. क्रांतीने हे ढिलेपण थांबवलं. २३ ऑगस्ट १७९४च्या कायद्यानुसार जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरं नाव वापरायला बंदी आली. कुणा कारकुनाची लहर अशी कायमची गोठली. त्याच क्रांतीच्या काळातल्या उत्तरेकडच्या शेतकऱ्यांवर १९२४ साली मोठा ग्रंथ लिहिणारा इतिहासकार लिलचा जॉर्ज लफेव्र होता. अर्थात ‘बी’वाला.

समुद्रापलीकडे हा कायदा पोचत नव्हता. क्युबेकमध्ये शेवटचा ‘र’ बोलताना गळतो, म्हणून तिथे नाव ‘लफेव’ ऐकू येतं. तिथून कामासाठी न्यू इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांपैकी काहींनी ते इंग्रजीत जसं ऐकू आलं तसं लिहिलं. काहींनी भाषांतर केलं. पण ‘ला फेव’ म्हणजे फ्रेंचमध्ये वालासारखी एक शेंग. त्यामुळे अमेरिकी कागदपत्रांत लोहाराचे हे वंशज स्मिथ झाले नाहीत, ते ‘बीन’ झाले.