वेब एपीआय : इशारा म्हणजे मर्यादा नव्हे

संस्था वेब एपीआयद्वारे बाहेरची संगणकीय सेवा वापरते, तेव्हा विनंत्यांची मोजदाद होऊन देयक आकारले जाते. ‘एपीआय की’ चोरीला गेल्यास किंवा आज्ञावलीत चूक राहिल्यास हे देयक एका रात्रीत अवाच्या सवा फुगू शकते. गुगल क्लाउडमध्ये केवळ अंदाजपत्रक ठरवल्यास खर्चाचा इशारा मिळतो. सेवा थांबत नाही. वापर रोखण्यासाठी ‘कोटा’ कमी करावा लागतो. तो ओलांडल्यास सर्व्हर सहसा ४२९ हा संकेतांक पाठवून विनंती नाकारतो. हा संकेतांक २०१२ मध्ये प्रमाणित झाला. बहुतेक कोटे प्रकल्पनिहाय असतात. त्यामुळे संस्थेचे प्रकल्प अनेक असतील, तर प्रशासकाने प्रत्येकाची मर्यादा एपीआयद्वारेच निश्चित करणे सोयीचे ठरते. प्रकल्प नजरेतून सुटण्याची शक्यता कमी होते.