तापमानाचा दुभाषी



घरात कोणाला ताप आला की काचेचा थर्मामीटर काखेत लावायचा, दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग नळी उजेडाकडे धरून पारा कोणत्या रेघेपाशी थांबला ते पाहायचे, ही रीत तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. त्या रीतीत पारा आणि आपला डोळा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसे. आता पारा मागे पडत चालला. लसी ठेवण्याचे शीतकपाट असो, की संगणकाच्या पोटातला तापलेला भाग असो, तेथे बसवलेली एक लहानशी चिप उष्णतामान मोजते आणि पडद्यावर आकडा उमटतो. तो आकडा तेथवर कोणाच्या हातून येतो, आणि वाटेत बदलत तर नाही ना, याची हकिकत आज सांगावयाची आहे.

थोडी मागून सुरुवात करू. स्वीडनमधल्या उप्साला येथे आंद्रेस सेल्सियस नावाचा ज्योतिर्विद होता. त्याने १७४२ साली उष्णतामानाचे शंभर भागांचे प्रमाण मांडले. मौज अशी की, पाणी उकळते तेथे त्याने शून्य धरले होते आणि बर्फ वितळते तेथे शंभर! १७४४ साली तो वारला, आणि त्यानंतर लवकरच हे प्रमाण उलटे करून आजचे रूप रूढ झाले. तेव्हा त्याच्या मूळ प्रमाणातला '९०' हा आकडा वाचून कोणी म्हणेल, "बापरे, काय कढत!" तर तो फसला. ते दहा अंशांचे गार पाणी. आकडा एकटा काही बोलत नाही. तो कसा वाचायचा याचा करार आधी लागतो.

आता चिपकडे येऊ. सिलिकॉनच्या जोडावरून बारीक प्रवाह सोडला, तर त्या जोडावरचा विद्युत्‌दाब दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. या एका गुणावर ही सारी करामत उभी आहे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीने 'एल.एम. ७५' नावाची चिप काढली. तुरीच्या दाण्याएवढी वस्तू. पण तिच्यात उष्णता जाणणारा भाग, त्याचा आकडा करणारा भाग, आणि फार तापले तर इशारा देणारा भाग, असे तिन्ही एकत्र होते.

या चिपचे बोलणे दोन तारांवरून चालते. ही दोन तारांची पद्धत हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी बसवली. एकाच तारेवर पुष्कळ चिपा बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला घरनंबर असतो. 'एल.एम. ७५' ला ७२ ते ७९ यांपैकी एक नंबर मिळतो, म्हणजे एका जोडीवर अशा आठ चिपा बसतात. संगणक दवंडी पिटल्यासारखा पुकारा करतो, "घर नंबर ७२!" ज्याचा नंबर असेल त्याने 'ओ' द्यायची, बाकीच्यांनी गप्प राहायचे. त्या घरात चार खण. पहिल्या खणात उष्णतामान, दुसऱ्यात चिपची मांडणी, उरलेल्या दोहोंत इशारा केव्हा द्यायचा आणि केव्हा थांबवायचा त्याच्या मर्यादा.

पण हे खण, हे नंबर, संगणकाला उपजत ठाऊक नसतात. संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिला प्रत्येक जातीच्या यंत्राशी बोलायला एक लहानसा प्रोग्रॅम लागतो. त्याचे नाव ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. चा ड्रायव्हर येतो. पण याचे काम गाडी हाकण्याचे कमी आणि दुभाषाचे जास्त. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी होता. दरबारात बोलणारे दोघे असले, तरी सगळा भरवसा तिसऱ्यावर असतो. त्याने एक शब्द फिरवला की तह फिरला.

चिपच्या बाबतीत शब्द कसा फिरतो, ते शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. 'एल.एम. ७५' उष्णतामान अर्ध्या अर्ध्या अंशांनी मोजते. २५ अंश असतील तर ती ५० सांगते, दुभाषाने त्याचे निम्मे करायचे. शून्याखाली गेले की ती ५१२ मधून वजा करून सांगते. उणे अर्धा अंश म्हणजे ५११. हा करार ठाऊक नसलेला दुभाषी ५११ चे सरळ निम्मे करील आणि शीतकपाटात २५५.५ अंश असल्याचे सांगेल!

याहून खोड्याळ गोष्ट पुढेच आहे. ही चिप आपला आकडा दोन तुकड्यांत पाठवते. मोठा तुकडा आधी, लहान मागून. आणि संगणकात ज्या ठरावाने असे जोडतुकडे वाचतात, त्यात लहान आधी आणि मोठा मागून. अगदी उलट! आपल्याकडे पहिली-दुसरीच्या मास्तरांना ही अडचण नवी नाही. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागून, पण लिहिताना दोन आधी. मूल ऐकते 'पंचवीस' आणि लिहिते ५२. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले, त्यावर केवढा वाद माजला, ते तुम्हाला आठवत असेल.) तीच चूक येथे. तुकडे उलटे लागले तर २५ अंशांचे शून्य होते. आणि साडेपंचवीस असतील, तर होतात वजा १२८. ड्रायव्हरने दर खेपेला तुकडे अदलाबदल करून घ्यायचे, ही त्याच्या पोटातली एक ओळ. माझ्या मते ती ओळ साऱ्या हिशेबाहून मोलाची. २५५.५ दिसले तर कोणीही चमकेल आणि यंत्र तपासील. खोलीतल्या कपाटावर शून्य दिसले तर मात्र माणूस म्हणेल, "छान गार आहे," आणि निघून जाईल.

हे दुभाषी लिहिले कोणी? चिप काढणाऱ्या कंपन्या आणि संगणकाचे कारखाने आपल्या गिऱ्हाइकांपुरता, बहुधा विंडोजवर चालणारा, प्रोग्रॅम देत. पण १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाची व्यवस्था जगाला खुली करून दिली होती. तिचा गाभा कोणीही वाचावा, सुधारावा, पण तिच्यासाठी दुभाषी लिहून देणारे कारखाने थोडे. तेव्हा हे काम हौशी लोकांनी अंगावर घेतले. १९९८-९९ च्या सुमारास फ्रोडो लोइयार्ड, फिलिप एडेलब्रॉक आणि त्यांचे सोबती यांनी चिपांची माहितीपत्रके वाचून एकेक ड्रायव्हर लिहिला. या खटपटीला 'एल.एम. सेन्सर्स' असे नाव पडले. पुढे झ्याँ देलवार यांच्यासारख्यांनी तो भार वर्षानुवर्षे वाहिला.

त्यांच्यापुढे पहिली पंचाईत अशी, की तारेवर कोण बसले आहे तेच कळेना. 'एल.एम. ७५' च्या मूळ चिपला आपले नाव सांगता येत नाही; नावाचा खणच तिच्यात नाही. मग तिच्या सवयींवरून ओळख पटवायची. ज्या खणांत काही नाही असा एखादा खण उघडायला सांगितला, तर ही चिप आधी वाचलेलेच पुन्हा पुढे करते. अनोळखी पाहुण्याचे गाव त्याच्या बोलीवरून ताडावे, तसा हा प्रकार. ताडणे म्हणजे कधीतरी चुकणे आलेच.

आणि एकदा महागात पडले. घराघरात हाळी देऊन चिपा शोधणारा एक प्रोग्रॅम या मंडळींनी केला होता. शतक पालटण्याच्या सुमारास आय.बी.एम.च्या काही थिंकपॅड संगणकांवर तो चालवला, आणि ते संगणक पुन्हा सुरूच होईनात! शोध घेता उलगडा झाला. त्या संगणकांत त्याच दोन तारांवर एक स्मरणचिप होती, आणि तिच्यात यंत्राची ओळख व परवलीच्या शब्दासारख्या नोंदी होत्या. प्रोग्रॅमने नुसते "कोण आहे?" म्हणून दार वाजवले, त्या चिपच्या विचित्र स्वभावामुळे तिने ते "लिहून घे" असे ऐकले आणि आपलीच नोंद बिघडवून बसली. नोंद बिघडली म्हणून यंत्र अडले. दुरुस्ती म्हणजे मुख्य पाटीच बदलायची. शेदीडशे रुपयांच्या चिपपायी सबंध संगणकाचा जीव.

दोष कोणाचा? तारेचा ठराव मोडणारी चिप दोषी, हे खरेच. पण ज्याचा संगणक गेला त्याला या न्यायनिवाड्याचा काय उपयोग! या लोकांनी वाद घालत न बसता ड्रायव्हरमध्येच अडसर घातला. यंत्र आय.बी.एम.चा लॅपटॉप आहे असे दिसले, की ड्रायव्हर सरळ सांगे, येथे तुमच्या स्मरणचिपला धोका आहे, मी चालणार नाही. काम न करणारा ड्रायव्हर हीसुद्धा एक सुधारणा असते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा पटले.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती निघाली, तेव्हा हे दुभाषी गाभ्यातच दाखल झाले. त्यांच्या बोलण्याला एकच माप ठरले : अंशाचा हजारावा भाग. साडेपंचवीस अंश असतील तर कोणतीही चिप असो, कोणत्याही कारखान्याची असो, वाचणाऱ्याला २५५०० मिळणार. हजारावा भाग का? तर गाभ्यात अपूर्णांकाचे हिशेब करीत नाहीत, पूर्णांकांवर भागवतात. सव्वा रुपया न लिहिता १२५ पैसे लिहावे, तसे. मात्र येथे एक गैरसमज होतो. पुढे तीन घरे दिसली म्हणून मोजमाप तेवढे बारीक झाले असे नव्हे. 'एल.एम. ७५' अर्ध्या अंशाचा फरक दाखवते, परंतु तिच्या कर्त्यांनीच दोन अंशांपर्यंत चूकभूल द्यावी-घ्यावी असे लिहून ठेवले आहे. संगणकाचा पंखा चालू करायला हे पुरे. लसींना ते पुरायचे नाही. लसीचे कपाट २ ते ८ अंशांच्या आत राहावे लागते. धनुर्वातासारख्या काही लसी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि बाटलीकडे वरवर पाहून ते कळत नाही. २०१५ पासून आपल्या देशात 'ई-विन' योजनेखाली लसींच्या कपाटांची उष्णतामाने दूरवरून कळू लागली. गावच्या परिचारिकेला पडद्यावर दिसणारा आकडा अशाच कुठल्यातरी दुभाषाच्या तोंडून आलेला असतो.

आता शाळांतून दिसणाऱ्या चिपेबद्दल थोडे. २०१२ साली रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक निघाला आणि त्याच्याबरोबर 'डी.एस. १८ बी २०' ही चिप पोरांच्या हाती आली. ही अमेरिकेच्या डॅलस सेमिकंडक्टरची. पोलादी नळीत बसवलेली मिळते, म्हणून पाण्यात बुडवता येते. एका अंशाचे सोळा भाग करते, आणि उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाहून जास्त चुकू नये असा तिचा बोल आहे. लिनक्समध्ये हिचाही ड्रायव्हर आहे. पण तिची एक खोड लक्षात ठेवा. वीज मिळून ती जागी झाली, की मोजमाप होण्याआधी तिच्या खणात ८५ अंश हा आकडा तयारच असतो. पुरते मोजायला तिला पाऊण सेकंद लागतो. तेवढा धीर न धरता वाचले, किंवा तार सैल होऊन मध्येच वीज गेली-आली, तर थंडीच्या सकाळीही ८५ उमटतात. मग दुभाषाने ८५ आले की टाकूनच का देऊ नयेत? कारण पाण्याची टाकी खरोखर ८५ अंशांवर असू शकते! तेथे दुभाषाचा इलाज थोडा. वापरणाऱ्यानेच मागचापुढचा आकडा पाहावा.

ज्या शाळेत असा संगणक आणि अशी चिप असेल, तेथे एक प्रयोग जरूर करावा. मुलांना तयार ड्रायव्हर न देता, चिपचा कच्चा आकडा वाचणारा प्रोग्रॅम स्वतः लिहू द्या. भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून ढवळा, चिपची नळी त्यात धरा. शून्याच्या आसपास आकडा आला पाहिजे. मग कुल्फीवाल्याची युक्ती करा, म्हणजे त्या बर्फात मूठभर मीठ टाका. पाच-सात अंश तरी खाली उतरेल. ज्या मुलाने वजाचा करार ध्यानात घेतला आहे, त्याच्या पडद्यावर उणे ५ येईल. ज्याने घेतला नाही, त्याच्या भांड्यातला बर्फ ४०९१ अंश दाखवील. लोखंड तर १५३८ ला वितळते. ते भांडे हातात धरून मुले हसली, की फळ्याकडे वळावे आणि ६५५३६ मधून ८० वजा करायला सांगावे.