भाड्याच्या खोलीची किल्ली

इतिहास म्हटला की गड आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. माझा आजचा विषय दहा बाय बाराच्या खोलीचा आहे. स्वतःचे घर झाल्यावर भाड्याची खोली सोडावी काय, आणि कशी? गिरणगाव सोडून आमच्या मुर्ध्यात आलेल्या कैक कुटुंबांना हा प्रश्न पडला होता.

पहिल्या महायुद्धात मुंबईची भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि भाडेकरूला वाटेल तेव्हा हुसकावण्याची सोय काढून घेतली. मात्र त्याच्या तेराव्या कलमात मालकाला ताबा मागण्याची कारणेही होती. भाडेकरूने योग्य असे राहते घर बांधले वा मिळवले, तर खोली परत मागता येई. सबळ कारणावाचून सहा महिने ती वापरली नाही, तरीही मागता येई. यात मला अन्याय दिसत नाही. एकाने दोन घरे अडवावीत आणि दुसऱ्याने फुटपाथवर निजावे, हे कोणत्या कामगाराला पटेल? पण घोडे अडे ते ‘योग्य’ या शब्दावर. सकाळची पाळी परळला आणि घर भाईंदरला, तर ते घर योग्य म्हणायचे काय? १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा हा युक्तिवादही लंगडा झाला.

माझ्या वडिलांनी १९९४ साली मुर्ध्याला दोन खोल्या घेतल्या. काका म्हणाले, “दादा, लालबागची किल्ली देऊ नका. पावती माझ्या नावावर करून घेऊ.” मालकाने नाव बदलायला पागडी मागितली. ती घेणे तेव्हा गुन्हा होता. १९९९ च्या कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, तिला मोकळीक मिळाली. वडिलांनी पागडी दिली नाही. काका वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

सोडचिठ्ठीची नोटीस मीच लिहिली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणे महिन्याच्या भाडेकरूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि त्या वेळी ती भाड्याच्या महिन्याअखेर संपावी लागे. ते मी नेमके केले. वडिलांनी फळ्या उतरवून भिंतीची भोके चुन्याने बुजवली आणि किल्ली मेहत्याच्या हाती ठेवली. ताबा मिळाल्याची सही घ्यायला मात्र मी विसरलो! वर्षाने थकलेल्या भाड्याची मागणी आली. युनियनच्या कचेरीत दुसऱ्यांचे कागद तपासणारा मी, घरचा कागद कच्चा ठेवून बसलो होतो.

आज मुर्ध्यात भाड्याने राहणाऱ्याला ते जुने संरक्षण बहुधा नसते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, आणि त्यात लिहिली असेल तेवढी नोटीस. गेल्या वर्षी आमच्या एका सभासदाने विकत घेतलेल्या घराचा ताबा लांबला आणि इकडे कराराची मुदत संपत आली. मुदतीनंतर खोली अडवली तर १९९९ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने दुप्पट रक्कम भरावी लागते. तो म्हणाला, “साहेब, मालक तोंडी हो म्हणालेत.” मी त्याला दोन महिन्यांचा नवा करार करायला लावला, आणि तो नोंदवूनही घेतला.