दोन रस्त्यांचा एक टायर

"बाबा, टायर कुठले घालू?"

आमच्या कन्येने गेल्या वर्षी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. डांबरी रस्त्यावरही चालणारी आणि मातीच्या वाटेवरही, 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात ती. आधी वेल्समधल्या कच्च्या वाटा आणि पुढेमागे सह्याद्रीतले घाट, असा बेत! सौ.ने देव पाण्यात ठेवले. मी मात्र गप्प होतो, कारण टायरचा विषय निघाला की मला १९८६चा जून आठवतो.

येझदीवरून मी फोंडा घाट उतरत होतो. मागे धाकटा चुलतभाऊ बसला होता. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तो मी रिमोल्ड करून घेतला होता. नव्या टायरचे पैसे वाचले म्हणून खूशही होतो. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्यावर माती आणि तेलाचा राडा. एका वळणावर मागचं चाक सरकलं. मला नुसतं खरचटलं, भावाची मांडी मोडली. तो आजही थोडा लंगडतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, पण ते वाचवलेले पैसे मी विसरलेलो नाही.

म्हणून कन्येला उत्तर देण्याआधी जरा वाचायला बसलो. आणि गंमत म्हणजे टायरच्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या ईलिंगच्या आसपासच सापडला!

ईलिंग ब्रॉडवेहून ६५ नंबरची बस पकडली की आपण क्यू गार्डनला पोचतो. पाहुणे आले की आपण त्यांना हटकून तिथे नेतो, फुलं बघतो, फोटो काढतो. याच बागेत १८७६च्या जूनमध्ये हेन्री विकम यांनी ब्राझीलमधून आणलेल्या रबराच्या सुमारे ७०,००० बिया पोचल्या. शंभरातल्या चारसुद्धा धड रुजल्या नाहीत. पण जी रोपं जगली त्यांतली बरीचशी त्याच वर्षी सिलोनला गेली, आणि १८७७ साली २२ रोपं सिंगापूरला पोचली. पुढच्या चाळीस वर्षांत मलाया आणि सिलोनमध्ये रबराचे मळे उभे राहिले, ब्राझीलची मक्तेदारी संपली. त्या मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून हजारो तमिळ मजूर नेले गेले. चाकावरच्या रबरात त्यांचाही घाम आहे.

नुसतं रबर मात्र टायरच्या कामाचं नव्हे. उन्हात ते चिकट होतं, थंडीत कडक होऊन तडकतं. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली त्यावर उपाय सापडला : गंधक मिसळून रबर तापवायचं. हवा भरलेल्या टायरचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतलं होतं, पण तेव्हा ते चाललं नाही. १८८८ साली बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी तीच कल्पना नव्याने शोधून पेटंट घेतलं, तेही मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे हादरे कमी करताना. यावेळी सायकलींचा जमाना आला होता, म्हणून टायर धावला!

आता क्यूहून परत फिरू आणि ब्रेंटफर्डच्या ग्रेट वेस्ट रोडवर येऊ. तिथे १९२८ साली फायरस्टोनचा टायरचा देखणा कारखाना उभा राहिला. ज्या वास्तुविशारदांनी पेरिवेलची आपली हूवर बिल्डिंग बांधली, त्यांचंच हे काम. फायरस्टोनचा एक कारखाना आपल्या मुंबईतही होता, शिवडीला. त्याचं पुढे 'बॉम्बे टायर इंटरनॅशनल' झालं. आणि भांडुपचं सीएट? त्याचं मूळ थेट इटलीतल्या तुरिन शहरात! ब्रेंटफर्डचा कारखाना बंद पडला आणि १९८०च्या ऑगस्टमध्ये, बँक हॉलिडेच्या सुट्टीत, त्याची दर्शनी इमारत पाडून टाकण्यात आली. ऐतिहासिक वास्तू म्हणून तिला संरक्षण मिळणार, त्याच्या जेमतेम आधी! एवढा गदारोळ झाला की त्यानंतर त्या काळच्या इतर इमारतींना घाईने संरक्षण मिळालं. हूवर बिल्डिंगही त्यांतलीच. फायरस्टोनची फाटकं मात्र अजून उभी आहेत.

असो. आता मूळ प्रश्नाकडे.

सुरुवातीच्या मोटारसायकलस्वारांना हा प्रश्न पडतच नसे. रस्ते बहुतेक कच्चेच, मिळेल तो टायर घालून निघायचं. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघीजणी लंडनहून साइडकार जोडलेल्या पँथर मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ साली केपटाऊनला पोचल्या. डांबर सर्वत्र पसरलं तशा टायरच्या जाती वेगळ्या झाल्या. मग १९६८ साली यामाहाची डीटी-१ आली, १९८० साली बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस, आणि 'दोन्हीकडे चालेल असा टायर द्या' ही मागणी वाढली.

पण दोन्ही रस्त्यांच्या मागण्या उलट आहेत. डांबरावर पकड हवी तर जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकायला हवं. चिखलात मात्र रुतून धरायला मोठी, सुटी बटणं लागतात. बटण टायर डांबरावर घेतला की वळणात बटणं वाकतात, ओल्या रस्त्यावर टेकायला रबर कमी पडतं, आणि टायर झिजतोही लवकर. म्हणून दुकानात ९०-१०, ५०-५० असे आकडे सांगतात : इतका रस्ता, इतकी माती. हे काही सरकारी माप नव्हे, कंपन्यांनी बांधलेला अंदाज.

मी कन्येला एवढंच म्हटलं, "महिनाभर लिहून ठेव. मनात कुठे जातेस ते नको, गाडी खरंच कुठे गेली ते लिही." महिन्याअखेर हिशेब आला. दहांतले नऊ मैल डांबरावर, त्यातलेही बरेचसे ए-४० वर, पावसात! फोटोत शोभणाऱ्या बटण टायरवरून तिचं मन उतरलं. ८०-२० वर तडजोड झाली.

"पण बाबा, आत्ताचे टायर तर चांगले दिसतात. नक्षी भरपूर आहे. नवे घ्यायचेच कशाला?"

मी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूचे चार आकडे वाचले : २३१२. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. २००० सालापासून टायरवर जन्मतारीख अशी लिहितात. इथल्या कायद्याला नक्षी एक मिलिमीटर पुरते, आणि इथे तर तिच्या कितीतरी पट होती. पण इतक्या वर्षांत रबर कडक झालं होतं. नखाने दाबलं तर दबेना, आणि बटणांच्या मुळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. वरून छान, आतून गेलेला. माझ्या येझदीचा तसाच होता.

मग मी तिला फोंडा घाटातली हकीकत पहिल्यांदा सांगितली. इतकी वर्षं काकाच्या लंगडण्याचं कारण घरात 'अपघात' एवढंच होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता दोन्ही टायर नवे मागवले.

रविवारी भावाला फोन केला. पुतणी मोटारसायकलवर घाटात येणार म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "येऊ दे की! टायर नवे घातलेस ना पण?"

"घातले," म्हटलं. "दोन्ही."