दारावरची थाप आणि आतली कीड

ऑगस्ट 2003 मध्ये ‘ब्लास्टर’ हा वर्म, म्हणजे कोणी काही न उघडताही संगणकातून संगणकात पसरणारा प्रोग्राम, 135 क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे संगणकाच्या जाळ्याकडील एका दारातून, विंडोज एक्सपीत शिरू लागला, आणि पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक 2 या अपडेटने बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल आपोआप चालू ठेवली. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी असो वा मुंबईत, अडवलेल्या जोडणीची सूचना बहुधा निरुपद्रवी असते. आपल्याच यंत्रातून 445 पोर्टवर असंख्य पत्त्यांकडे होणारे प्रयत्न मात्र आत वर्म शिरल्याचे गंभीर लक्षण होय. अशी कीड दार न ठोठावताही आत येऊ शकते: जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ने न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचे काम ठप्प केले; हा वर्म मुळात युक्रेनमधील हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून पसरला होता, त्यामुळे दारावरच्या राखणदाराला संशय घेण्याचे कारणच उरले नव्हते.